बगलेतल्या खिडक्या

बोरीच्या पुलावर पाऊस वरून पडत नाही.
तो झुआरीच्या अंगानं आडवा येतो,
बाहीत शिरून कोपरापर्यंत चौकशी करून जातो.
आणि फर्मागुढीच्या चढावर
पाऊस थांबला तरी मी भिजतेच,
आतून.
तीनशे रुपयांचा प्लॅस्टिकचा झगा,
त्यात माझीच वाफ, माझ्यावरच गळणारी.
प्रयोगशाळेत पोचते तेव्हा मुलं विचारतात,
मॅडम, छत्री नाही?
छत्री! सायकलवर!

मंगळवारी पगार झाला.
बुधवारी फोंड्यात, जुन्या स्टँडमागच्या दुकानात
खांडेपारकरांचा धाकटा उल्हास
जाकिटं काढून काउंटरवर रचत गेला.
एकाच्या शिवणी आतून पट्ट्या लावून बुजवलेल्या.
एकाला मागे लांब शेपूट, मडगार्ड नसलेल्यांसाठी.
एक काळं (हे ट्रकवाल्याला दिसणार कसं?
यावर तो नुसता हसला).

"धा हजार मिलिमीटर, बाय,"
विहिरीची खोली सांगावी तसं त्यानं सांगितलं.
आणि ते तसंच होतं:
कापडावर दहा मीटर पाणी उभं केलं
तरी थेंब आत उतरायचा नाही.
मी एक अख्खी विहीर अंगावर घालून बघितली,
मनात.

मग त्यानं शेजारून गरम पाणी मागवलं.
ग्लासावर बाही ताणली, रबर लावलं,
वर दुसरा ग्लास उपडा.
वरच्या ग्लासात हळूहळू धुकं जमलं.
तो काढून बाहीवर गार पाणी ओतलं, तर ते
न बोलावलेल्या पाहुण्यासारखं
तिथंच बसून राहिलं.
"पळय, हें श्वास घेता."
पाहिलं.
किंमतही पाहिली. नऊ हजार चारशे.

म्हटलं, उल्हास, तुझ्या दुकानात एसी आहे.
हेच सगळं बाहेर पायरीवर मांड.

ऑगस्ट होता. दुकानातले थंड ग्लास
पायरीवर येताच आतूनबाहेरून पांढरे.
आता सांग,
यातली बाहीतून आलेली वाफ कुठली
आणि फोंड्याची कुठली?

माझ्या टेबलावर एका बरणीत निळे दाणे असतात.
ओल धरली की गुलाबी होतात,
भट्टीत तापवले की पुन्हा निळे.
पावसाळ्यात सकाळी निळे केलेले
डबा खाईपर्यंत गुलाबी.
वाफ कोरड्याकडे जाते, एवढंच तिचं शिक्षण.
बाहेर कोरडं नसलं
तर ती घरातच बसते, माझ्या पाठीवर.

तो रागावला नाही. डोकं खाजवत माळ्यावर चढला,
मागच्या वर्षीचं एक घेऊन उतरला.
पोपटी. म्हणजे अगदीच पोपटी.
कॉलरचं बटण गेलेलं.
पण दोन्ही बगलांत, दंडापासून बरगडीपर्यंत, चेन.
"कोण घेईना. रंग पळोवन."

घातलं. काउंटरलाच हँडल समजून वाकले,
कंबर उघडी पडते का, हे त्याच्या आईनं
गल्ल्यावरून उठून, मागे येऊन बघितलं.
"फाट धांपता गो," म्हणाली,
आणि बटण तिथंच शिवून दिलं,
पांढऱ्या दोऱ्यानं. हिरवा नव्हता.
दोन हजार शंभर.

गुरुवारी पुलावर चेन बंद.
पाऊस बाहीपाशी थांबला, विचारपूस केली,
रिकाम्या हातानं परत गेला.
चढाच्या पायथ्याशी एक पाय टेकून
दोन्ही खिडक्या उघडल्या.
वारा आला. थोडा पाऊसही आला,
येऊ दे, तो गार तरी होता.
मागून बस गेली, तिनं हॉर्न दिला नाही,
एवढी मी दिसत होते.

"मॅडम, आज कोरड्या?"
कोरडी कसली.
निळ्या-गुलाबीच्या मधली कुठली तरी.
जाकीट खुंटीला टांगलं, खाली बादली ठेवली,
आणि दाणे तापवायला घेतले.